धुऊन प्यालेलं ताट

पुणे, १० नोव्हेंबर

गुरुपाद यांस,

नाव घेऊन लिहिलं म्हणून चिडू नका. पाकिटावर नुसतं ‘अहो’ लिहिलं असतं, तर ट्रॅव्हल्सवाल्या सोमेश्वरनं ते केजमधल्या निम्म्या नवऱ्यांना दाखवत फिरवलं असतं. लग्नातल्या उखाण्यात तुमचं नाव एकदा घेतलं होतं, आज दुसऱ्यांदा घेतेय. एवढ्यानं तुमचं आयुष्य काही कमी होत नाही.

तुम्ही म्हणाल, एकमेकांशी बोलायचं नाही असं ठरलं असताना हे काय? तर लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे. फोन केला तर बोलावं लागेल, आणि जो आधी तोंड उघडेल तो हरला, हे तुमचेच शब्द आहेत. मोबाईलवर लिहावं, तर मागच्या वेळी तुम्ही माझ्यावरचा राग चुकून सगळ्या घराण्याच्या ग्रुपवर टाकला होता आणि धारूरच्या चुलतसासूबाईंनी त्याला हात जोडले होते. त्यापेक्षा कागद बरा.

शिवानीकडे मी खुशाल आहे. लेक-जावई दोघंही नोकरीवरून दमून येतात आणि म्हणतात, ‘आई, आज बाहेरच जेवू.’ मी एकदाही नको म्हणालेली नाही. पहिल्या दिवशी डोशाच्या हॉटेलात नेलं. वेटरनं लग्नाच्या अल्बमएवढं मेनूकार्ड माझ्या हातात दिलं आणि विचारलं, ‘काय घेणार?’ मी गडबडले. म्हटलं, ‘काय केलंय?’ तो म्हणाला, ‘सगळं.’ खरं सांगते, तुला काय खायचंय असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. माहेरी आई काय केलंय ते सांगायची आणि सासरी काय करू ते मी विचारायची. मी त्या कार्डाकडे इतका वेळ बघत बसले की जावयांना वाटलं मला चष्मा लागलाय.

मी परत कधी येणार हे तुम्ही शेजारच्या बबिताला विचारायला लावलंत म्हणे. त्याचं उत्तर असं. त्या दिवशी तुमचे चुलतभाऊ बसवेश्वर भाऊजी आणि त्यांच्या भिवराबाई धारूरहून जेवायला आले असताना तुम्ही अर्धं ताट तसंच टाकून उठलात. वर त्यांच्यादेखत म्हणालात, ‘हिचा मिठाचा अंदाज गेलाय आता.’ भिवराबाईंनीही मान हलवली. ज्या घरात मामंजी जेवण झालं की ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकायचे, ताटात येतं तो प्रसाद आणि त्याचा कणही मोरीत जाता कामा नये म्हणायचे, त्या घरात माझ्या हातची आमटी मोरीत गेली.

मिठाचा अंदाज गेलेल्या बाईनं गॅसपुढं उभं राहून काय करायचं? ती मेनूकार्डापुढंच बरी.

ज्वारीचं पीठ संपलंय. पाठवा.

रुद्राणी

&nbsp;

केज, १४ नोव्हेंबर

॥ ॐ नमः शिवाय ॥

रुद्राणी,

देवाचं नाव आधीच वर लिहून ठेवलंय, कारण खाली काय लिहून जाईन याचा मला भरवसा नाही.

पीठ पाठवलंय आणि हे पत्र त्याच पिशवीत घातलंय, झटकून वाच. पिशवी देताना सोमेश्वर म्हणाला, ‘‘काका, चिठ्ठ्या कावून? फोन बिघडलाय का?’’ मी म्हटलं, ‘‘फोन ठीक हाय, बायको बिघडलीय.’’ तर म्हणतो, ‘‘मग सर्व्हिसिंगला पुण्याला धाडली व्हय?’’ सगळी बस हसली. तुझ्यामुळं एवढी करमणूक गावाला बऱ्याच दिवसांनी मिळाली.

माझी काळजी करू नकोस. तू करतही नसशील, पण रीत म्हणून लिहिलं. मी राजासारखा जेवतोय. सकाळी बसस्टँडसमोर पुरीभाजी, दुपारी राइसप्लेट, संध्याकाळी जे गरम दिसेल ते. हॉटेलात जेवताना कुणी वीजबिल भरलं का विचारत नाही. समोरच्यांच्या मुलाचं लग्न ठरलं, आपला आहेर काय, हेही विचारत नाही. ताटात टाकलं तर वेटर ते मुकाट्यानं उचलून नेतो. उठून पुण्याला जात नाही.

तेव्हा तू खुशाल राहा. डोसे खा. इथं कुणाचं काही अडलेलं नाही.

जाता जाता एक सहज विचारतो. हिंग फोडणीत आधी पडतो की मोहरीनंतर? दुकानात एक गिऱ्हाईक विचारत होतं. आणि त्या गिऱ्हाइकाला हेही हवंय की कुकरची शिट्टी होत नसेल तर त्याचा अर्थ काय.

गुरुपाद

&nbsp;

पुणे, १९ नोव्हेंबर

गुरुपाद यांस,

तुमच्या गिऱ्हाइकाला सांगा, हिंग मोहरीनंतर. शिट्टी होत नसेल तर झाकणाला रबरी रिंग लावायची राहिलीय, ती खिडकीतल्या खिळ्याला आहे. आणि त्या गिऱ्हाइकाच्या स्वयंपाकघरातून परवा इतका धूर निघाला की बबिता बादली घेऊन धावली, हेही मला कळलंय. तिच्याशी माझं बोलणं चालू आहे. हॉटेलातलं खाऊन तुम्ही रोज संध्याकाळी सोडा पिता आणि छातीला हात लावून बसता, हेही तिनंच सांगितलं. राजाचे असे हाल मी ऐकले नव्हते.

आता इथलं ऐका. परवा एका हॉटेलात जावयांनी काहीतरी मागवलं. ते लाकडाच्या पाटावर, तापल्या तव्यात, चरचर करत आणि धूर ओकत आलं. आजूबाजूचे लोक माना वळवून बघायला लागले. मला क्षणभर वाटलं, तुम्हीच केलंय. पण चव चांगली होती.

रविवारी ‘मराठवाडी थाळी’ खायला नेलं. भिंतीवर बैलगाडीचं चाक आणि वेटरच्या डोक्यावर फेटा. भाकरी माझ्या तळव्याएवढी, आणि ठेचा अंगठ्याएवढ्या खलात, जणू देवाला नैवेद्य. येसराची आमटी होती, तीच, आपली, लग्नाकार्याला करतो ती. घास घेतला. मला वाटलं मीठ कमी आहे. शिवानी म्हणाली, बरोबर आहे. जावई म्हणाले, जरा जास्तच आहे.

तेव्हापासून मनात भीतीच बसलीय. तुम्हाला सांगणार नव्हते, पण दुसऱ्या कुणाला सांगू? तुम्ही त्या दिवशी म्हणालात ते खरं असेल तर? वय झालं की लोकांची दृष्टी जाते, कान जातात, तशी माझी जीभ गेली असेल तर? मला दुसरं काही येत नाही. गाणं येत नाही, शिवण येत नाही, दुकानाच्या गल्ल्यावर तुम्ही बसू देत नाही. लोक मला ओळखतात ते आमटीवरून. इथं शिवानीच्या घरी मी भाजी फोडणीला टाकते आणि मीठ तिला घालायला लावते. तिला सांगितलंय की मिठाचा डबा वर आहे, माझा हात पुरत नाही. डबा ओट्यावरच आहे.

असो. त्याच थाळीच्या हॉटेलात एक गोष्ट घडली. जेवण झालं आणि वेटरनं प्रत्येकापुढं एक वाटी आणून ठेवली. वाटीत कोमट पाणी आणि लिंबाची फोड. मला भरून आलं हो. म्हटलं, एवढ्या मोठ्या शहरात कुणीतरी आपल्या घरची रीत ओळखली. ताट धुवायला पाणी, तेही कोमट, वर चवीला लिंबू. मी वाटी ताटात ओतली, बोटानं ताट स्वच्छ धुतलं, दोन्ही हातांनी उचललं आणि पिऊन टाकलं. बघते तर शिवानी रुमाल तोंडात कोंबून बसलेली आणि जावई केदारनाथराव छताकडे तोंड करून पंखा न्याहाळतायत. वेटर मात्र गुणी पोरगा. म्हणाला, ‘‘मॅडम, अजून एक आणू?’’ म्हटलं, ‘‘आण बाबा.’’

गाडीत बसल्यावर शिवानीनं सांगितलं की ते हात धुवायचं पाणी होतं. हात धुवायला लिंबू! आणि मी पोह्यांवर पिळायला मागितलं तर तुम्ही म्हणता, महाग झालंय.

रुद्राणी

&nbsp;

केज, २४ नोव्हेंबर

॥ ॐ नमः शिवाय ॥

रुद्राणी,

तुझं पत्र दुकानात मोठ्यानं वाचणार नव्हतो, पण लिंबाच्या वाटीपाशी आलो आणि राहवलं नाही. तेलाचा डबा घ्यायला आलेला एक माणूस हसता हसता पोत्यावर बसला. आता गावात कुणी लिंबू घ्यायला आलं की विचारतो, ‘‘प्यायला का हात धुवायला?’’

बबिताच्या बातम्या निम्म्या खोट्या आहेत. बादली तिनं आणली हे खरं, पण आग नव्हती, नुसता धूर होता. झालं असं की येसराचा डबा सापडला. आता येसर माझ्याच दुकानातल्या धान्याचं आणि मसाल्याचं, मीच तोलून दिलेल्या मालाचं. मला वाटलं, यात काय अवघड? तेल तापवलं आणि डबा उपडा केला. ते आमटी झालं नाही, मुरूम झाला. रस्त्याला टाकला असता तर कंत्राटदारानं बिल काढलं असतं. बबिता म्हणाली, ‘‘काका, आदी पाण्यात कालवायचं असतंय, गुठळी मोडायची असती.’’ हे डब्यावर लिहून ठेवायला तुला काय झालं होतं?

भाकरीचंही तसंच. तव्यावर टाकली की तिचे जिल्हे वेगळे होतात. परवाच्या भाकरीत बीड, लातूर आणि धाराशिव स्पष्ट दिसत होतं आणि मधला भाग कच्चा होता. तरी मी खाल्ली. वाईट एवढंच वाटलं की चांगली नाही असं म्हणायलाही समोर कुणी नव्हतं.

शेवटी काल वैतागून नवनाथच्या ढाब्यावर गेलो, आपल्या मांजरसुंब्याच्या रस्त्यावरचा. पण त्याचीही शेवभाजी आता पूर्वीची राहिली नाही. नुसता लाल रस्सा आणि वर शेव पोहतेय. बसवेश्वर घरी आला होता त्या दिवशी बीडहून येताना खाल्ली होती, तेव्हा काय चव होती! दोन प्लेटा आणि तीन रोट्या कधी गेल्या कळलंसुद्धा नाही. महिन्याभरात आचारी बदलला असणार. आजकाल कशाचाच भरवसा राहिला नाही.

तुझ्या जिभेला काही झालेलं नाही. पुण्याच्या पाण्यानं होतं तसं.

कधी येणार ते लिही. मी विचारत नाही, बबिता विचारतेय.

गुरुपाद

&nbsp;

पुणे, २७ नोव्हेंबर

गुरुपाद यांस,

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. मग शिवानीला वाचायला दिलं, मला बरोबर दिसतंय ना म्हणून. तिलाही तेच दिसलं.

बसवेश्वर भाऊजी आले त्या दिवशी तुम्ही बीडहून दिवेलागणीला आलात, हातपाय धुतले आणि थेट पाटावर बसलात. मी सकाळपासून येसर भाजून, दळून आमटी केली होती. आणि तुमच्या पोटात तेव्हा दोन प्लेट शेवभाजी आणि तीन रोट्या होत्या.

आता मिठाचं काय ते लिहा.

रुद्राणी

&nbsp;

केज, ३० नोव्हेंबर

रुद्राणी,

आज देवाचं नाव वर लिहायची हिंमत झाली नाही.

लेखणी घसरली हे खरं. माणसानं खोटं बोलावं आणि गप्प बसावं, शेवभाजीचं वर्णन करत बसू नये. बीडचा घाऊक व्यापारी गाडीत सोबत होता. ‘‘शेठ, चला, चार घास खाऊ’’ म्हणाला. चार घास म्हणता म्हणता ताट संपलं. घरी आलो तर तू भाकरीची चळत लावून बसलेली. पोट भरलंय म्हणालो असतो तर तू पाहुण्यांदेखत मला उभं सोललं असतंस. निम्मं ताट रेटून खाल्लं आणि पुढं घास जाईना. काहीतरी कारण सांगायला हवं होतं. मिठावर ढकललं. मीठ बिचारं उलट बोलत नाही, म्हणून त्याच्यावर ढकलायची सवय सगळ्या नवऱ्यांना असते.

त्यावरून तू घर सोडून जाशील हे काय ठाऊक होतं?

बसवेश्वरचं इथल्या तहसीलमध्ये फेरफाराचं काम निघालंय. सोळा डिसेंबरला, मंगळवारी, तो आणि भिवराबाई पुन्हा येणार आहेत आणि जेवायलाच येणार आहेत. त्यांच्यापुढं काय वाढू? मुरूम?

ये आता.

गुरुपाद

&nbsp;

पुणे, ४ डिसेंबर

गुरुपाद यांस,

तुमचं पत्र वाचून आधी हसू आलं. मग इतकी चिडले की शिवानीच्या तीन कपबश्या घासताना फुटल्या.

तुम्हाला ती एका संध्याकाळची थाप वाटते. मी इतके दिवस मिठाच्या डब्याला हात लावायला भीत होते, आहे का ध्यानात? हॉटेलात प्रत्येक घासाला मी शिवानीच्या तोंडाकडे बघायची, तिला लागलं तसंच मला लागलं का म्हणून. म्हातारी झाले, निरुपयोगी झाले, असं मनाशी धरून बसले होते. आणि हे सगळं कशासाठी, तर तुम्हाला ढाब्यावर जास्त झालं म्हणून! दुसरं काहीही म्हणाला असता तर चाललं असतं. भाकरी कडक म्हणा, मला जाडी म्हणा. पण बाईच्या हाताच्या चवीवर खोटं बोलायचं नसतं.

काल मी इथं आमटी केली. येसर तुमच्या पिठाबरोबर आलं होतं, बबितानं गुपचूप घातलं असणार. मीठ माझ्या हातानं घातलं, चिमटीनं, न चाखता. केदारनाथरावांनी तीन वाट्या घेतल्या. जेवण झाल्यावर म्हणाले, ‘‘आई, लिंबू आहे का?’’ मी म्हटलं, हात धुवायला? म्हणाले, ‘‘नाही, ताट धुवायला.’’ आणि कंपनीचा बिल्ला गळ्यात असलेला तो माणूस माझ्यासमोर ताट धुऊन पाणी प्यायला. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते मी कांद्यावर ढकललं. तुमच्याकडूनच शिकले.

तर मी येते. पण अशीच नाही. सोळा तारखेला तेच पाहुणे, तोच पाट आणि माझ्या हातची तीच आमटी. सकाळपासून तुम्ही बाहेर काही खायचं नाही. ताटातलं सगळं संपवायचं आणि मामंजींसारखं ताट धुऊन ते पाणी प्यायचं, बसवेश्वर भाऊजींच्या डोळ्यांदेखत. तोवर बोलणं बंदच राहील.

कबूल असेल तर कळवा. नसेल तर इथं नवीन हॉटेल निघालंय, तिथं म्हणे जेवण फिरत्या पट्ट्यावरून येतं.

रुद्राणी

&nbsp;

केज, ९ डिसेंबर

॥ ॐ नमः शिवाय ॥

रुद्राणी,

तुझी अट फार महाग आहे. मी दुकानदार माणूस, सांगितलेल्या भावात काही घेत नाही. ताट संपवतो, ठीक. आमटी चांगली आहे असं चार लोकांत म्हणतो, तेही ठीक. पण ताट धुऊन पिणं सोड.

मी ते का सोडलं हे तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगितलं नाही. अंबाजोगाईला एका व्यापाऱ्याच्या लग्नात सगळ्या पंगतीत मी एकट्यानं ताट धुऊन प्यायलो. शेजारचा हसून म्हणाला, ‘‘शेठ, ताटबी घरी न्यायचं हाय का?’’ सगळी रांग हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून ते कायमचं सोडलं. वडील असते तर त्यांनी त्या माणसाला चार गोष्टी सुनावून वर त्याचंही ताट धुवायला लावलं असतं. मला ते जमलं नाही.

आणि तू पुण्याच्या हॉटेलात, फेटेवाल्या वेटरसमोर, बिनधास्त प्यायलीस. वर अजून एक वाटी मागितलीस. तुझं पत्र वाचून मी गावाला हसवलं खरं, पण दुकान बंद केल्यावर तेच पुन्हा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. वाटलं, या बाईला लाज कशी वाटली नाही? मग वाटलं, मला कशाची वाटली होती?

इथं हाल असे आहेत की तू नसल्यावर घर खायला उठतं आणि मला मात्र खायला काही मिळत नाही. एकदा आमटी जमली. गुठळी मोडली, हिंग मोहरीनंतर टाकला आणि मीठ विसरलो. मीठ विकणारा माणूस मी. पोतं उशाशी असून अळणी जेवलो.

अट कबूल. सोमेश्वरला सांगून पुढची सीट ठेवायला लावलीय. मी स्टँडवर येतो. बोलणार मात्र नाही, ते ठरलेलं आहे.

गुरुपाद

&nbsp;

केज, १८ डिसेंबर

चि. शिवानीस आईचे आशीर्वाद.

तुझ्या बाबांशी माझं बोलणं सुरू झालं, त्यामुळे त्यांना पत्र लिहायची सोय उरली नाही. आणि लिहायची सवय तर लागून गेलीय. म्हणून हे तुला.

स्टँडवर बाबा आले होते. इस्त्रीचा सदरा घालून, नवरदेवासारखे. बोलले नाहीत, मीही नाही. माझी पिशवी घेतली आणि पुढं चालायला लागले. सोमेश्वर ओरडला, ‘‘काका, सर्व्हिसिंग झाली बरं का!’’ बाबांनी मागं वळून त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं तिथूनच हॉर्न वाजवत गाडी काढली. घरी स्वयंपाकघराची एक भिंत काळी झालीय. ओट्यावर ताटलीखाली एक भाकरी झाकून ठेवली होती, माझ्यासाठी. जाड होती आणि कडेला फाटलेली होती, पण जिल्हे एकत्र होते. मी उभ्याउभ्यानं सगळी खाल्ली. ते पडद्याआडून बघत होते. मी काही म्हटलं नाही, कारण बोलणं बंद होतं.

मंगळवारी बसवेश्वर काका आणि भिवराबाई आले. मी दोन पातेल्यांत आमटी केली. मोठ्या पातेल्यात नेहमीसारखी आणि लहान पातेल्यात एकट्या बाबांची. त्यात मी मीठ घातलं, मग पुन्हा घातलं, मग मुठीत जेवढं राहिलं होतं तेही घातलं. देवा शपथ सांगते, मुंगीनंही तोंड लावलं नसतं. म्हटलं, खोट्या मिठापायी मी महिनाभर झुरले, आता खरं मीठ कसं लागतं ते यांनाही कळू दे.

पाट मांडले. बाबांनी भाकरी आमटीत कुस्करली आणि पहिला घास घेतला. त्यांचे डोळे एकदम मोठे झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तुझ्या नवऱ्यासारखी वर बघत पंखा न्याहाळत राहिले. मला वाटलं, आता उठतील, आता तोंड उघडतील. पण बाबांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. कपाळावर घाम, कान लाल, पण हात थांबला नाही. भिवराबाई म्हणाल्या, ‘‘भावजी, आमटी लई आवडलेली दिसती.’’ त्यांनी नुसती मान हलवली. तेव्हा मला वाटलं, पुढं होऊन वाटी काढून घ्यावी. पण मीही त्यांचीच बायको, घेतली नाही.

वाटी संपली. बाबांनी तांब्यातलं पाणी ताटात ओतलं, वाटी विसळून तेही ताटात घेतलं, बोटानं कडेपासून मधोमध धुतलं, दोन्ही हातांनी ताट उचललं आणि एका दमात पिऊन टाकलं. मग बसवेश्वर काका हळूच म्हणाले, ‘‘दादा, लई वर्षांनी बगितलं हे. काकांची आठवण आली.’’ आणि तेही आपलं ताट धुऊन प्यायले.

तुझ्या बाबांनी ताट खाली ठेवलं. डोळ्यांतून धारा लागलेल्या. माझ्याकडे बघून दीड महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडलं आणि म्हणाले, ‘‘मीठ बरोबर हाय.’’

भिवराबाई म्हणाल्या, ‘‘मागल्या टायमालाबी बरोबरच होतं की. तुमी म्हणलाव म्हणून मी मान हालवली. घरच्या मालकाला न्हाई कसं म्हणावं?’’ मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. पदर तोंडाला लावून मी आत पळाले. मागून बाबांचा आवाज आला, ‘‘पाणी आण. तांब्या नको, घागर आण!’’

पाहुणे गेल्यावर ते ओट्यापाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘‘त्या दिशी मी खोटं बोललो. आजबी खोटंच बोललो. फिटलं का?’’ मी मोठ्या पातेल्यातली आमटी त्यांना वाढली. ते जेवले आणि तेही ताट धुऊन प्यायले. बघायला दुसरं कुणी समोर नव्हतं, तरी.

आधी तोंड त्यांनी उघडलं, तेव्हा हरले ते. हरलेल्यानं काय करायचं हे ठरवायचं राहून गेलं होतं, म्हणून मी ठरवलं. पुढच्या महिन्यात ते दुकान बंद ठेवून माझ्याबरोबर पुण्याला येणार आहेत. मेनूकार्ड आधी माझ्या हातात येईल. आणि त्या लिंबाच्या वाटीच्या हॉटेलातच जायचं. केदारनाथरावांना सांगून ठेव, छताकडे बघायची तयारी ठेवा. या वेळी आम्ही दोघंही पिणार आहोत.

तुझी आई